चाकामागचं लिंबू

दसऱ्याला सगळी मुंबई चाकाखाली लिंबू ठेवते आणि त्यावरून गाडी नेऊन ते चिरडते. आमच्या डॉक्टरीणबाई बारा महिने लिंबू ठेवायच्या, पण चाकाच्या मागे. आणि ते चिरडलं गेलं की स्टिअरिंगवर बसलेल्याची धडगत नसे. ऑपेरा हाउसजवळ रेल्वेवरून जाणाऱ्या पुलाच्या चढावर, भर सकाळी, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचून, मागच्या चाकाला चिकटवून लिंबू ठेवणारी ही बाई बघायला टॅक्सीवाले गाड्या हळू करत. त्यांनी बाईंचं नाव लिंबूबाई पाडलं होतं. बाईंच्या ते कानावर होतं. त्या म्हणायच्या, "म्हणू देत. मी त्यांना काय म्हणते ते त्यांनी ऐकलं, तर टॅक्सी विकून गावाला जातील."

बाई गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या. घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत खुर्च्या उबवणारे. बाईंनी मात्र बाळंतपणं करायचं शिक्षण घेतलं, लग्न केलं नाही आणि एका वाडीत छोटं सूतिकागृह काढलं. काळी, बुटकी, विलायती गाडी त्या स्वतः चालवायच्या. लालबाग-परळच्या चाळींत अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला की त्याच गाडीतून निघायच्या. त्या काळी बाई गाडी चालवते म्हटल्यावर पोरं मागे धावायची आणि मोठी माणसं पोरांपेक्षा जास्त वेळ बघत राहायची. बाई म्हणायच्या, "बघू दे. त्यांच्या बायकांना कळा लागल्या की हेच लोक मला खिडकीतून हाका मारतात."

मी कुडाळच्या पलीकडचा. पाचवीत शाळा सुटली. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहायचो. गिरणीत घेतलं नाही, छाती अरुंद निघाली. मग बाईंच्या सूतिकागृहाच्या दरवाजावर लागलो. दार उघडायचं, पेशंटला खुर्चीत बसवून वर न्यायचं, निरोप आणायचे. गावी आई आणि बायको. ही नोकरी गेली तर बोटीने परत जायचं आणि दुसऱ्याच्या शेतात राबायचं, ही भीती मी रोज उशाशी घेऊन झोपायचो.

एका सकाळी बाईंनी विचारलं, "सीताराम, रस्ता ओलांडताना तुला भीती वाटते?"

"वाटते, बाई."

"किती?"

"तळहाताला घाम फुटतो."

"मग उद्यापासून गाडी शिकायची."

मी गांगरून म्हटलं की बाई, गाडीला धीट माणूस लागतो. त्या हसल्या नाहीत. त्या सहसा हसतच नसत. म्हणाल्या, "धीट ड्रायव्हरांच्या बायका येतात माझ्याकडे. पोर झाल्याचं सांगायला नवरा शोधावा, तर तो हाडांच्या वॉर्डात टांगलेला असतो. मला घाबरणारा माणूस पाहिजे." आणि जाता जाता म्हणाल्या, "दरवाजावर मी दुसरा माणूस ठेवलाय." म्हणजे शिकलो तर गाडी, नाहीतर बोट. एवढं समजायला पाचवीपर्यंतची शाळा पुरे होती.

शिकवताना बाईंची जीभ वस्तऱ्यासारखी चालायची. पहिल्या दिवशी गिअर टाकताना माझ्या हातून अशी किरकिर झाली की वाडीतली कुत्री उठली. बाई म्हणाल्या, "गिअरबॉक्सला जीव असता तर मी आधी भूल दिली असती." क्लचवरून पाय झटक्यात उचलला, गाडी उडी मारून बंद पडली. "पोर ओढून काढायचं नसतं, रे," त्या म्हणाल्या. "येऊ द्यायचं असतं. वाट बघायची, हात तयार ठेवायचा, आणि ते आलं की सोडायचं. घाई करणाऱ्याच्या हातून आईही जाते आणि गिअरबॉक्सही." मला हसावं की घाबरावं कळेना, मी सवयीप्रमाणे घाबरलो. पण त्या दिवसापासून क्लच उचलताना माझा पाय हळू झाला तो कायमचा. इंजिनाचा आवाज जाड होतो, बॉनेट अंगावर काटा आल्यासारखं किंचित वर उठतं, तेव्हा गाडीला निघायचं असतं. त्याआधी हँडब्रेक सोडला तर गाडी मागे येणार. मागे लिंबू.

लिंबू वाचलं तर घरी त्याचं सरबत व्हायचं आणि त्यातला पेला मला मिळायचा, असा बाईंचा नियम होता. चिरडलं तर ते चेचलेलं लिंबू त्या रुमालात धरून माझ्यासमोर आणायच्या. "हे परळचं पोर. हा भायखळ्याचा म्हातारा. ही भाजीवाली." माझ्या हातून पुष्कळ माणसं मेली. सरबताचा पेला काही माझ्या वाट्याला येईना.

शेजारच्या खोलीत बायकोसह राहणारे दाजी टॅक्सी चालवायचे. दाजी म्हणजे सगळ्या गाववाल्यांत धीट. त्यांच्या दोन विद्या होत्या. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडून द्यायची, आणि चढावर थांबायची वेळ आली की हँडब्रेकला हात न लावता हाफक्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, गाडी तोलून धरायची. ती जागच्या जागी थरथरत उभी राहायची आणि दाजी एका हाताने विडी ओढायचे. मला म्हणायचे, "अरे सित्या, उताराक गाडी नुट्रल मारूची, पेट्रोल वाचता. तुझी बाई काय पेट्रोलच्या विहिरीत जन्माक इली?"

मी हे बाईंना सांगितलं. का सांगितलं देव जाणे. बाई म्हणाल्या, "न्यूट्रलमध्ये उतरणारी गाडी चालवलेली नसते, सोडलेली असते. तुझ्या दाजींना विचार, पुढे माणूस आडवा आला तर ते काय करणार? ब्रेकवर उभे राहणार? ब्रेक तापून सुटले म्हणजे मग देवाला गिअर टाकायला सांगणार? ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर. इंजिनाला तुझा हात धरू दे." आणि मलबार हिलवरून न्यूट्रलमध्ये सुळकन खाली येणाऱ्या शेठांच्या गाड्यांकडे बघून म्हणायच्या, "बिनइंजिनाचं खाली येता येतं म्हणून ह्यांना वाटतं, मुंबई ह्यांचीच."

काही दिवसांनी परळच्या पुलावर आमच्या थोडं पुढे दाजींची टॅक्सी हाफक्लचवर थरथरताना दिसली. दाजी शेजारच्या टॅक्सीवाल्याशी गप्पा मारत होते. बघता बघता टॅक्सीच्या खालून धूर आला, क्लचने दम सोडला आणि गाडी मागे येऊन एका भाजीच्या गाडीवर बसली. लाल भोपळे पुलाच्या उतारावरून ट्रामच्या रुळांत गडगडत गेले. बाईंनी काच खाली केली, नाक पुढे काढलं आणि मला म्हणाल्या, "वास घे. नीट घे. ह्याला हाफक्लचचा वास म्हणतात. हे लोक त्याला मर्दुमकी समजतात." दाजींनी तो टोमणा ऐकला आणि महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

क्लचवर उगाच पाय टेकवून बसणाऱ्यावर बाईंचा विशेष राग. "तो पाट नाही. गिअर बदलून झाला की पाय उचल, खाली ठेव." हॉर्नवरही राग. "वाजवतोस म्हणजे सगळ्यांना सांगतोस की मला थांबता येत नाही." उभ्या ट्रामच्या बाजूने गाडी काढणाऱ्याला तर त्या माणसांत धरत नसत. ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबायची, माणसं तिथेच उतरून फुटपाथकडे चालायची. बाई मागे थांबून राहायच्या. मागच्या गाड्या बोंबलायच्या. बाई म्हणायच्या, "बोंबलणाऱ्यांना घरी कुणी विचारत नसेल. रस्त्यावर हौस भागवून घेऊ दे."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती, ती मला सगळ्यात जाचक वाटायची. गाडी त्या चालवोत की मी, मी तोंडाने बोलत राहायचं. दिसेल ते सांगायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "पुढे ट्राम आहे, बाई." त्या उसळल्या. "समोरची ट्राम मला दिसतेय. ती सांगायला तुला ठेवलेला नाही. बाजूचं बोल." मग मी बाजूचं बोलायला लागलो. डावीकडे हातगाडी. उजवीकडून सायकल. डाव्या गल्लीच्या तोंडाशी म्हातारी, पाऊल टाकील असं वाटतं. गिरगाव ते दादर मी असा बडबडत जायचो. ट्रामच्या दांड्याला लटकलेली पोरं मला वेडावून दाखवायची. जरा थांबलो की बाई विचारायच्या, "जीभ पार्क केलीस काय?" मला वाटायचं, शिकवायची ही पद्धत असेल. पद्धत चांगलीच होती. जे तोंडाने बोलायचं ते डोळ्याला बघावंच लागतं. आणि माझी सुट्टी असली की बाई गाडी काढत नसत, ट्रामने किंवा पायी जात. ते मी कंजूषपणाच्या खाती टाकलं होतं.

लायसन्सच्या परीक्षेला गेलो. साहेबाने मैदानाला एक फेरी मारायला लावली, हात बाहेर काढून वळायची खूण करायला सांगितली आणि पास केलं. मी नाचत घरी आलो. बाई म्हणाल्या, "चढावर थांबवून काढायला लावली?"

"नाही."

"मागे काही ठेवलं?"

"नाही, बाई."

"मग ती त्या साहेबाची परीक्षा झाली. तो नापास. पेशंटच्या कामाला निघताना गाडी मीच चालवणार. तू शेजारी बस आणि बोल."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस, भिंतीभिंतीवर घोषणा. अशाच एका हरताळाच्या दिवशी, दुपारी, दाजी लालबागहून पायी धावत गिरगावात आले. त्यांची टॅक्सी नव्याने जळलेला क्लच घेऊन गॅरेजात पडली होती, आणि असती तरी त्या दिवशी रस्त्यावर टॅक्सी कोण काढणार! दाजींच्या बायकोला सकाळपासून कळा सुरू होत्या आणि पोर आडवं होतं. तिचं पहिलं असंच अडून गेलेलं. दाजी हात जोडून म्हणाले, "बाई... ती..." एवढंच. धीट माणूस असा पहिल्यांदा बघितला.

बाईंनी बॅग उचलली. त्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, दाजी मागे. काचेवर लाल क्रॉस होता म्हणून पोलीस सोडत होते. भायखळ्याचा रस्ता बंद, म्हणून लोअर परळकडून करी रोडच्या पुलाने लालबागला उतरायचं ठरलं. मी बाजूचं बोलत होतो. पुलाचा चढ लागला आणि दाजींनी मागून माझा खांदा धरून मला वळवलं. "सित्या, वाचात मा रे ती? सांग मा!" मी मागे वळून काहीतरी धीर द्यायला लागलो. माझी जीभ थांबली.

पुढे वळलो तर डावीकडून एक हातगाडी आमच्या पुढ्यात येत होती. भर उन्हात, फुटपाथपासून सरळ आत. आंधळ्यालाही दिसेल अशी. आणि बाई तिच्यावर गाडी नेत होत्या.

"डावीकडे!" मी किंचाळलो.

बाईंनी ब्रेक मारला. हातगाडी बॉनेटला घासून गेली. आमची गाडी झटका खाऊन बंद पडली, चढाच्या ऐन मध्यावर. बाईंनी हँडब्रेक ओढला. मागून मोर्चा चढत होता. गिरणीतली माणसं, बायका, खांद्यावर पोरं. बघता बघता गर्दी आमच्या गाडीला येऊन भिडली, दोन्ही बाजूंनी पुढेही पसरली. मागच्या काचेत छात्याच दिसत होत्या. गाडी वीतभर जरी मागे गेली असती, तर आधी पाय गेले असते, आणि नंतर त्या माहोलात गाडी आणि आम्ही राहिलो असतो का, सांगता येत नाही.

बाईंनी इंजिन सुरू केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डावीकडचा मला दिसला नाही."

"बाई, मीच बोलायचं थांबलो..."

"तू बोलतोस म्हणूनच तर मला दिसतं. उतर. इकडे ये."

आम्ही जागा बदलल्या. माझे तळहात इतके ओले की स्टिअरिंग निसटत होतं. बाईंनी आपला पदर पुढे केला. "पूस," त्या म्हणाल्या. मी हात पुसले. गाडीच्या खणात नेहमीचं लिंबू होतं, त्यावर नजर गेली. बाई म्हणाल्या, "ते राहू दे. आज त्याच्या जागी माणसं उभी आहेत."

मागून दाजी ओरडले, "सित्या, हाफक्लचार धर!"

"दाजी," बाई म्हणाल्या, "तोंड न्यूट्रलमध्ये घाला."

मी इंजिन सुरू केलं. पहिला गिअर. हँडब्रेक हातात घट्ट. क्लच उचलायला लागलो, आणि मागे घोषणा, "झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" बाई खिडकीतून बाहेर बघत पुटपुटल्या, "झालाच पाहिजे. पण आधी हे पोर." आणि मग अगदी हळू, बाळंतिणीशी बोलतात त्या आवाजात, "घाई नको. येऊ दे. येतंय बघ." इंजिनाचा आवाज जाड झाला. बॉनेट किंचित वर उठलं. मी हँडब्रेक सोडला.

गाडी पुढे गेली. मागे केसभरही नाही. काचेतल्या छात्या लहान होत गेल्या. कुणीतरी ओरडलं, "डॉक्टरीणबाईंना वाट द्या रे!" आणि पुढची गर्दी दुभंगली. पुलाचा उतार मी पहिल्या गिअरात उतरलो. दाजी मागे बसून रडत होते, त्यामुळे पेट्रोलबद्दल काही बोलले नाहीत.

संध्याकाळ व्हायच्या आत दाजींना मुलगी झाली. बाई बाहेर आल्या, हात पुसले आणि दाजींना म्हणाल्या, "आई धडधाकट आहे. मुलगीही. बापाचं काही करता येण्यासारखं नाही." दाजी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "माझ्या नको. क्लचच्या पाया पडा, आजवर तुडवलात तो."

परत येताना गाडी मीच चालवली. घरी बाईंनी खणातलं लिंबू काढलं, स्वतः पिळलं आणि पेला माझ्यापुढे ठेवला. मी तो दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "काचबिंदू आहे मला. त्यात कडा आधी जातात. समोरचं शेवटी जातं. हाताजवळचं दिसतंय तोवर बाळंतपणं करीन, पण रस्त्याच्या दोन्ही बाजू गेल्या. तुझ्या तोंडून बघत होते." मग किल्ली टेबलावर सरकवली. "उद्यापासून मी मागे बसणार. मला भीती वाटणार. वाटू दे. तुलाही वाटली पाहिजे. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी किल्ली परत कर."

सरबतात साखर कमी होती. बाईंच्या घरी सगळ्यातच साखर कमी. पण सगळं आयुष्य ज्या भीतीची मला लाज वाटली, ती त्या बाईने कामाला लावली आणि तिच्यावर माझं घर उभं केलं. बायकोला मुंबईला आणलं, दोन पोरं त्याच सूतिकागृहात झाली. किल्ली परत करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

महाराष्ट्र झाला. पुढे ट्रामही गेल्या. मग बाईंच्या समोरचंही गेलं. बाळंतपणं त्यांनी त्याआधीच, स्वतःहून, एका दिवसात सोडली. तरी रोज संध्याकाळी त्या गाडीत मागे येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "बाजूचं बोल." आता समोरचंही बोलावं लागायचं, पण शब्द तोच. मी गिरगावच्या रस्त्याने बोलत जायचो. डावीकडे फुलवाली, आज शेवंती आहे. उजवीकडे एक जण उभ्या बसच्या आडून गाडी काढतोय.

"गाढव आहे का?" बाई विचारायच्या.

"आहे, बाई."

"बरं. मग काही बदललं नाही." आणि समाधानाने मागे टेकायच्या.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मला खांद्यावरून नेऊ नका. चार माणसं एका चालीने चालत नाहीत. गाडी मागवा." गाडी मागवली. वाडीच्या तोंडाशी गर्दी जमली होती. लालबागहून दाजी आले होते, सोबत मुलगी, तिच्या कडेवर तिचं मूल. मी अंत्ययात्रेच्या गाडीत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. तरणाबांड पोरगा. इंजिन चालू, गाडी उभी, आणि ह्याचा पाय क्लचवर पाटावर टेकावा तसा टेकलेला.

मी म्हटलं, "पाय उचल."

"काय झालं, काका?"

"पाय उचल. मागे बाई आहेत."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाय उचलला. मग नीट, हळू, झटका न देता गाडी काढली. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि चंदनवाडीपर्यंत बाजूचं बोलत गेलो.